बागेत वांदरं येतात? आधी आठ दिवस नुसतं बघा

नागपुरात काटोल रोडला, गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना हे चित्र पाठ असेल. सकाळचे साडेसहा-सात वाजलेत. कंपाउंडच्या भिंतीवर एक काळं तोंड दिसतं. हातातला चहाचा कप खाली ठेवेपर्यंत मागून पंधरा-वीस वांदरं उतरलेली असतात. पेरू एकेक घास घेऊन फेकलेले, जास्वंदीच्या कळ्या साफ, शेवग्याची फांदी सालीवर लोंबकळतेय. काठी घेऊन धावलं की ती टाकीवर जाऊन बसतात आणि आपण ऑफिसला निघालो की परत खाली.

आमच्या घरी ही राखण तीन वर्षांपासून एक सेन्सर, एक छोटा बोर्ड आणि फवारणीचा पंप मिळून करतात: वांदर आलं की त्याच्यावर आपोआप पाण्याची धार. वांदरं यायची पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. पण पिकलेला पेरू आता आमच्या ताटात येतो आणि मेथीचा वाफा कापणीपर्यंत टिकतो. नव्याने करू बघणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असायची गरज नाही. चार तारा नीट जोडता याव्यात आणि धीर असावा, एवढं पुरे.

कोण येतं ते आधी ठरवा

"कोणता सेन्सर घेऊ?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. माझा उलट प्रश्न असतो: कोण येतं, किती वाजता येतं आणि कुठून येतं? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, अंदाज असतो. आणि अंदाजावर घेतलेलं सामान महिन्याभरात माळ्यावर जातं.

शेजारच्या काकूंची रताळी रोज उकरलेली दिसायची. त्यांनी वांदरांना दोष दिला. एक जुना मोबाइल खिडकीत कॅमेरा म्हणून लावला तेव्हा कळलं की रात्री दोनला घूस येते. आता घुशीवर पाणी मारून काय होणार? तिच्यासाठी वाफ्याभोवती बारीक तारेची जाळी फूटभर खोल पुरावी लागते. काकूंचं काम जाळीतच झालं, सेन्सर लागलाच नाही.

म्हणून एक वही करा आणि आठ दिवस नुसत्या नोंदी ठेवा: तारीख, वेळ, कुठल्या बाजूने आले, काय खाल्लं. काही गोष्टी यातून लगेच सुटतात. वांदरं दिवसाची, रात्री ती झाडावर झोपलेली असतात. नुकसान रात्रीत झालं असेल तर त्यांचं नाव काढून टाका. नाल्याकाठच्या लेआउटमध्ये रात्री किंवा पहाटे जमीन नांगरल्यासारखी दिसली तर ती डुकरं. मऊ भुसभुशीत वाफ्यात खड्डा करून बुजवलेला दिसला तर मांजर. आंबा किंवा चिकू रात्रीतून कुरतडून खाली पडला असेल तर वटवाघूळ, आणि त्यावर उपाय म्हणजे फळाला कापडी पिशवी. सेन्सरने वटवाघूळ थांबत नाही.

शहराबाहेर शेत असेल आणि रोही (नीलगाय) किंवा रानडुकरं येत असतील तर हा लेख तुम्हाला अपुरा पडेल. तिथे अंतरं मोठी असतात आणि कळपही मोठे. मी घराभोवतीच्या बागेबद्दल लिहितोय.

सुरुवात फाटकापासून

मोकाट गायी आणि बकऱ्या भिंतीवरून उडी मारून येत नाहीत, उघड्या फाटकातून येतात. दूधवाला, कुरिअरवाला, शाळेतून आलेली मुलं, कुणीतरी फाटक लोटून जातं पण कडी लावत नाही. पहिला प्रयोग इथेच करा. फाटकाच्या पल्ल्यावर चुंबक आणि खांबावर चुंबकाने चालणारा छोटा दरवाजा-सेन्सर. फाटक दोन मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर घरातल्या स्पीकरवर "फाटक उघडं आहे" असं ऐकू यायला हवं. बस. यात पाणी नाही, पंप नाही, काही बिघडायची भीती नाही. आणि पुढे जे करायचं आहे त्याची पूर्ण रीत इथेच हातात बसते: सेन्सर काहीतरी सांगतो, घरातलं यंत्र ठरवतं, दुसरं काहीतरी चालू होतं.

हे ठरवणारं यंत्र म्हणून मी होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर किंवा घरात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि मुख्य म्हणजे इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालत राहतं. बागेतल्या बोर्डासाठी ईएसपी३२ घ्या. पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि त्यात वायफाय असतं. त्यावर ईएसपीहोम नावाची प्रणाली चढवली की तो होम असिस्टंटशी आपोआप बोलतो. एक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते, ती आत्ताच सांगतो: हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडला जातो. राउटरवर २.४ आणि ५ एकाच नावाने चालू असतील आणि बोर्ड जोडला जात नसेल तर २.४ साठी वेगळं नाव द्या.

सेन्सर आणि आपलं ऊन

बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर. एचसी-एसआर५०१ नावाचा, पांढऱ्या घुमटाचा. सहा-सात मीटरपर्यंतची हालचाल ओळखतो. मागे दोन छोटे स्क्रू असतात: एकाने संवेदनशीलता कमी-जास्त होते, दुसऱ्याने तो किती वेळ 'दिसलं' म्हणत राहणार ते ठरतं. हा वेळेचा स्क्रू पूर्ण कमीवर ठेवा, वेळ आपण बोर्डात ठरवू. वीज दिल्यावर पहिलं मिनिटभर तो वाट्टेल तसे इशारे देतो, ते सोडून द्या.

आता नागपूरकरांनी नीट समजून घ्यायची गोष्ट. पीआयआर प्राणी 'बघत' नाही. प्राण्याच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची, जमिनीची उष्णता यांतला फरक त्याच्यासमोरून सरकला की तो जागा होतो. फरकच नसेल तर त्याच्यासाठी तिथे कुणीच नाही. डिसेंबरात थंड भिंतीसमोरून मांजर गेलं तरी तो ओरडतो. पण मे महिन्यात? २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि ते सावलीतलं हवेचं तापमान. उन्हातली भिंत त्याहून कितीतरी जास्त तापते. सकाळी थंड असलेली भिंत तापत तापत जिथे वांदराच्या अंगाएवढी होते तिथे सेन्सर आंधळा होतो. मग भिंत अंगापेक्षा जास्त तापली की पुन्हा थोडं दिसू लागतं, आणि संध्याकाळी ती निवताना पुन्हा तोच आंधळेपणा. माझ्या वहीत मे महिन्यात सगळ्यात जास्त चुका सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला आहेत. पहिल्या उन्हाळ्यात मी दोन सेन्सर खराब समजून बदलले. दोन्ही चांगले होते.

दुपारची तऱ्हा उलटी. कुणी नसताना सेन्सर वाजत राहतो, कारण झळा सुटल्या की तापलेली पानं त्याच्यासमोर हलतात.

यावर जे उपयोगी पडलं ते असं. सेन्सर दिवसभर सावलीत राहणाऱ्या भिंतीकडे तोंड करून लावा, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीकडे नको. त्याच्या अगदी समोर फांदी नको. प्राणी सेन्सरच्या दिशेने चालत येईल असा नव्हे, तर त्याच्यासमोरून आडवा जाईल असा लावा, कारण आडवी हालचाल त्याला जास्त चांगली कळते. वांदरं भिंतीवरून चालतात, म्हणून सेन्सर भिंतीच्या माथ्याच्या उंचीला आणि भिंतीला थोडा तिरपा ठेवा. घुमटाच्या खालच्या अर्ध्या भागाला काळी चिकटपट्टी लावली की जमिनीवरून जाणारं कुत्रं-मांजर वगळलं जातं. आणि पाऊस लागू नये म्हणून पुढे काच लावू नका. उष्णतेचे ते किरण काचेतून जात नाहीत, सेन्सर पूर्ण बंद पडल्यासारखा होतो.

उन्हाळ्यासाठी सोबत एक रडार सेन्सर जोडा. एलडी२४१० नावाचा मिळतो, ईएसपीहोमला तो ओळखीचा आहे. त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही, हालचाल कळते, आणि प्लास्टिकच्या डब्यात बंद करूनही चालतो. पण वाऱ्याने हलणारी केळीची पानं आणि पावसाच्या धारा हीसुद्धा त्याच्यासाठी हालचालच. म्हणून मी ऑक्टोबर ते मार्च दोन्ही सेन्सर 'हो' म्हणाले तरच पाणी मारतो आणि एप्रिल-मे मध्ये सकाळच्या त्या दोन तासांत एकट्या रडारवर भरवसा ठेवतो. थोडं पाणी फुकट जातं, पण टोळी हुकत नाही.

पाणी मारायचं कशाने

परदेशी लेखांत नळाला विजेचा वॉल्व जोडून तुषार सोडतात. आपल्याकडे बागेचा नळ गच्चीवरच्या टाकीतून येतो आणि तिथेच गणित चुकतं. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. दुमजली घराची टाकी बागेपासून सात मीटर उंच धरली तर पाऊण बारही मिळत नाही. पाणी दोन मीटरवर मान टाकतं आणि भिंतीवरचं वांदर ते बघत बसतं.

उपाय कृषी केंद्रात मिळतो: पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप. १६ लिटरची टाकी, १२ व्होल्टची बॅटरी आणि चांगला दाब देणारा छोटा पंप, तिन्ही एकत्र. नवाच घ्या. कीटकनाशक भरलेला जुना पंप कितीही धुतला तरी बागेत, प्राण्यांवर आणि मुलांच्या आसपास वापरू नका. नोझल बारीक धुक्याचं न ठेवता सरळ धारेचं ठेवा. माझा पंप मिनिटाला तीन लिटरच्या आसपास पाणी टाकतो, म्हणजे पाच सेकंदांची एक फवारणी पाव लिटरची. एका टाकीत साठेक फवारण्या होतात. पाण्याच्या टंचाईत हा हिशोब महत्त्वाचा आहे.

टाकी सारखी भरत बसायचं नसेल तर कूलरचा फ्लोट वॉल्व लावा. नागपुरात कुठल्या घरात जुना फ्लोट पडलेला नाही? पाणी कमी झालं की नळ आपोआप उघडतो, भरलं की बंद होतो. टाकीचं तोंड मात्र झाकलेलं हवं, नाहीतर डास.

जोडणी

बॅटरीच्या १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट करायला एक छोटा बक कन्व्हर्टर लागतो. बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटरने त्याचे ५ व्होल्ट नक्की करून घ्या. आधी बोर्ड जोडून मग कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवला की बोर्ड गेलाच समजा. पंपाची तार रिलेतून, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून न्या आणि बॅटरीच्या धन तारेवर ५ अँपिअरचा फ्यूज टाका. पीआयआरची इशाऱ्याची तार मी बोर्डाच्या २७ नंबरच्या पायाला (पिनला) आणि रिले २६ नंबरला जोडला आहे. बोर्डाचे काही पाय, म्हणजे ०, २, ५, १२ आणि १५, बोर्ड सुरू होतानाच्या कामात गुंतलेले असतात. तिथे रिले जोडला तर वीज येता-जाता पंप उगाच दचकून सुरू होऊ शकतो. रिले घेताना ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यावर चालतो ना, हे दुकानदाराला विचारून घ्या.

बोर्ड दिवसरात्र चालू असतो. माझ्या मापाने तो दिवसाला सव्वा अँपिअर-तास घेतो. ८ अँपिअर-तासाची बॅटरी पंपासकट चार-पाच दिवस आरामात जाते. मी रविवारी आणि बुधवारी चार्ज करतो. ऊन भरपूर असल्यामुळे छोटं सोलर पॅनेलही चालेल.

बागेत २३० व्होल्ट कुठेही नेऊ नका. ओली माती, अनवाणी पाय आणि उघडा जोड एकत्र यायला वेळ लागत नाही.

नियम कुठे लिहायचा

पहिल्या वर्षी मी सगळं होम असिस्टंटमध्ये लिहिलं होतं: सेन्सर वाजला की पंप चालू, पाच सेकंदांनी पंप बंद. जूनच्या पहिल्या वादळात पंप चालू झाला आणि त्याच क्षणी घरातली वीज गेली. राउटर बंद, 'बंद कर' हा निरोप बागेपर्यंत पोचलाच नाही. बॅटरीवरचा पंप १६ लिटर संपवून कोरडा फिरत राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बदललेला होता.

तेव्हापासून पंप बंद करायची जबाबदारी बोर्डाचीच. ईएसपीहोममध्ये रिलेखाली लिहून ठेवा की चालू झाल्यावर जास्तीत जास्त सहा सेकंदांनी स्वतःच बंद हो, आणि बोर्ड पुन्हा सुरू झाला तर नेहमी बंद अवस्थेतच ये. होम असिस्टंटने फक्त कधी मारायचं ते ठरवावं. थांबायचं कधी, हे त्याच्यावर सोडू नका.

बाकी अटी साध्या आहेत: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच चालावं, पाऊस पडत असताना नको, एका फवारणीनंतर चाळीस सेकंद विश्रांती आणि तासाला दहापेक्षा जास्त नाही. आणि एक बटण. आई सकाळी पूजेला जास्वंद तोडायला गेली आणि पदरासकट भिजली, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराजवळ बटण लावलं. दाबलं की पंधरा मिनिटं सगळं शांत. हे बटण पहिल्या दिवसापासून लावा. घरच्यांचा या कामावर विश्वास राहील की नाही, ते बरंचसं या बटणावर ठरतं.

वांदरं शिकतात

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे. पहिले आठ-दहा दिवस फार छान जातात. पहिली धार बसली की टोळी भिंतीवरून मागे. मग एखादा हुप्प्या धारेच्या पल्ल्याबाहेर बसून बघत राहतो. धार कुठून येते, किती वेळ येते, थांबल्यावर किती वेळ काही होत नाही, हे त्याला कळतं. त्यानंतर टोळी बरोबर त्या चाळीस सेकंदांत उतरते. हे मी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं आहे.

म्हणून ठरावीकपणा मोडा. फवारणी कधी तीन सेकंद, कधी सहा. सेन्सर वाजल्यावर कधी लगेच, कधी चार सेकंद थांबून. होम असिस्टंटमध्ये यासाठी यादृच्छिक आकडा घेता येतो, एका ओळीचं काम आहे. विश्रांतीही कधी वीस सेकंद, कधी साठ. नोझलची जागा दर रविवारी बदला. आणि आठवड्यातून दोन-तीनदा धारेसोबत तुम्ही स्वतः दार उघडून बाहेर या. प्राणी खरा घाबरतो तो माणसाला. यंत्राच्या मागे माणूस असू शकतो, ही शंका त्याच्या मनात जिवंत राहिली पाहिजे.

परतीची वाट कधी अडवू नका. धार बागेच्या आतून बाहेर, ज्या भिंतीवरून ती आली त्या भिंतीकडे ढकलणारी हवी. पोटाशी पिल्लू धरलेली मादी कोपऱ्यात सापडली तर ती अंगावर येईल, आणि तिची चूक नसेल.

शेजाऱ्यांशी बोला. आमच्या गल्लीत शनिवारी मारुतीच्या नावाने वांदरांना केळी घालायची पद्धत आहे. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण एका घरी केळी मिळतात म्हटल्यावर टोळी त्या गल्लीचा रस्ता सोडत नाही. आम्ही तीन घरांनी मिळून ठरवलं की घालायचं तर लेआउटच्या टोकाच्या वडाखाली, घरांपासून दूर. त्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच सेन्सरने पडला नाही.

कॅमेऱ्याबद्दल

"कॅमेरा वांदर ओळखेल आणि मगच पाणी मारेल" असं वाटून बरेच जण थेट तिथून सुरुवात करतात. होम असिस्टंटसोबत फ्रिगेट नावाचं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर चालतं, ते घरातल्या घरात चित्र ओळखतं, चांगलं आहे. पण अशा प्रणाली सोबत देतात ती चित्र ओळखणारी मॉडेलं बहुधा कोको नावाच्या चित्रसंचावर शिकलेली असतात. त्याच्या ८० प्रकारांत गाय, कुत्रा, मांजर, पक्षी आहेत, जिराफ आणि झेब्राही आहेत, पण माकड नाही आणि डुक्करही नाही. वांदराला ते कधी कुत्रा म्हणतं, कधी मांजर, कधी काहीच नाही. गायीसाठी लगेच वापरा. वांदरांसाठी स्वतःच्या बागेतले फोटो देऊन शिकवावं लागतं, ते नवख्याचं काम नाही. कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीकडे किंवा रस्त्याकडे वळलेला नसावा.

हे करू नका

कुंपणात वीज सोडू नका. विदर्भात जिवंत तारेने माणसं गेली आहेत, वाघ गेले आहेत. पाण्यात तिखट किंवा फिनेल घालू नका, डोळ्यांत जातं. छर्ऱ्याची बंदूक, गलोल, विष यांचं नाव काढू नका. वांदर आणि मोर दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मोठ्या आवाजाचे भोंगे रात्री दहा ते सकाळी सहा चालत नाहीत, आणि दिवसाही शेजाऱ्यांची झोप मोडतात. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची यंत्रं मी दोन वापरली. वांदरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, समोरच्या घरचा कुत्रा मात्र दिवसभर अस्वस्थ होता.

रेकॉर्डिंगमध्ये बिबट्या दिसला तर सगळं बंद करा, दार लावून आत थांबा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. जखमी वांदर किंवा पक्षी दिसला तरी तोच नंबर. सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

मृगाच्या आधी

मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा सगळं उतरवून बघा. नोझलमध्ये क्षार बसतात, रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा. डबा पांढराच असू द्या आणि छज्जाखाली लावा, काळा डबा उन्हात आतल्या तारा मऊ करतो. तार आत जाते ते भोक नेहमी डब्याच्या खालच्या बाजूला असावं, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत शिरत नाही. गेल्या वर्षी डबा उघडला तर रिलेच्या मागे पालीची दोन पांढरी अंडी होती आणि कोपऱ्यात लाल मुंग्यांनी माती आणून ठेवली होती. तारेभोवती पेन्सिल जाईल एवढीच फट राहिली होती. अंडी हलक्या हाताने कुंडीच्या आडोशाला ठेवली आणि ती फट एम-सीलने बुजवली.